कॅपॅसिटर म्हातारा होतो हो!

"फाइल लिहिताना तुमचंच काहीतरी चुकतंय." गेल्या पावसाळ्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं.

आमचं यंत्र दूध संकलन केंद्रावर बसतं. लिटर, फॅट, एसएनएफ नोंदवायचं, बस्स. वीज गेली की आतल्या दोन सुपरकॅपॅसिटरांच्या जोरावर शेवटच्या नोंदी फ्लॅशवर लिहून मगच डोळे मिटायचे. पहिलं वर्ष छान गेलं. मग एकेका गावातून नोंदी गायब! आणि ज्याची नोंद गेली, त्याच्या दहा दिवसांच्या बिलात ते दूधच नाही.

दोन महिने कोड चाळला. शेवटी वैतागून एक जुनं यंत्र उघडून कॅपॅसिटर मोजले.

कागदावरचा हिशोब झकास होता. 5 फॅरडचे दोन, एकापुढे एक, म्हणजे 2.5 फॅरड. 5 व्होल्टवरून 3 पर्यंत उतरताना 20 ज्यूल. यंत्र खातं 2 वॅट, म्हणजे 10 सेकंद, लागतात 3. मोजलं तर उरले होते 1 फॅरडपेक्षा कमी, आणि आतला रोध 1 ओहमच्या वर. जेमतेम दोन सेकंद!

सुपरकॅप म्हणजे 'लावा आणि विसरा', असं जो तो सांगतो. पाच लाख सायकल वगैरे. अहो, पण तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, हे कोण सांगणार? आमचं यंत्र पत्र्याखाली. त्यात दोघांत व्होल्टेज सारखं वाटून द्यायला काहीच नाही, एक रेझिस्टर नि एक डायोड, झालं चार्जिंग. ज्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज, तो आधी म्हातारा.

हे सगळं सांभाळणाऱ्या चिप्स काही नव्या नाहीत. एलटीसी3350 घ्या. ती चार्जिंगचा करंट आवरते, चार कॅपॅसिटरांपर्यंत समतोल राखते, वीज गेल्याची खबर प्रोसेसरला देते आणि मुख्य म्हणजे जागच्या जागी कपॅसिटन्स व रोध मोजून सांगते. "महाग आहे," असं उत्तर मिळालं. कबूल, आमच्या डब्याला ती जडच. मग साधी घ्या! तेही नको तर चार्जिंग थांबवायला एक स्विच द्या. ठरावीक करंट ओढून व्होल्टेज किती वेळात किती उतरलं ते मी मोजतो. चार ओळींचा कोड आहे. पण बोर्डावर तो स्विचही नाही.

चिपचे वाचलेले पैसे कंपनीच्या हिशोबात दिसतात. गेलेलं दूध कुणाच्या हिशोबात दिसतं?

असो. नव्या बोर्डाची बैठक सोमवारी आहे. तो म्हातारा कॅपॅसिटर खिशात घालून नेतोय.