खोकं उघडू की नको?

आधी एक खुलासा. ‘खोके’ या शब्दाला आपल्याकडे २०२२ पासून जो अर्थ चिकटलाय, त्याचा या लेखाशी काडीचाही संबंध नाही. आपलं खोकं साधंसुधं, पुठ्ठ्याचं. समोर पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी, आत झगा घालून हसत उभी असलेली बाहुली आणि बाहेर तिच्याकडे टक लावून बसलेला तिचा मालक. वय वर्षं बत्तीस, नोकरी आयटीत, ईएमआय चालू. प्रश्न एकच... उघडू की नको?

हसू नका राव! जगभरातले बाहुल्या जमवणारे या एका प्रश्नावरून दोन पक्षांत विभागले गेलेत. एका पक्षाचा मंत्र आहे ‘एनआरएफबी’, म्हणजे ‘नेव्हर रिमूव्ह्ड फ्रॉम बॉक्स’. आपल्या भाषेत, ‘अजून कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही’. दुसरा पक्ष म्हणतो, अरे, बाहुली आहे ती, फिक्स्ड डिपॉझिट नाही!

तुम्ही म्हणाल, याच्याशी आमचा काय संबंध? आहे ना. ज्या घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत राहतो, नव्या गाडीच्या सीटवरचं कव्हर वर्षभर निघत नाही आणि लग्नात आलेला डिनर सेट ‘चांगल्या’ पाहुण्यांची वाट बघत शोकेसमध्ये म्हातारा होतो, त्याच घरात आपण वाढलोय. एनआरएफबी हा शब्द अमेरिकेतला असेल, वृत्ती शंभर टक्के आपली!

भाव कुणाला, बाहुलीला की खोक्याला?

न उघडणाऱ्यांची बाजू आधी ऐकून घेऊ, कारण ती दिसते तितकी येडचाप नाही. बार्बी पहिल्यांदा लोकांसमोर आली ती ९ मार्च १९५९ रोजी, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा स्विमसूट, पोनीटेल आणि किंमत तीन डॉलर. पहिल्या वर्षात सुमारे तीन लाख बाहुल्या खपल्या. त्या गेल्या लहान मुलींच्या हातात आणि मुलींनी जे करायचं तेच केलं. केस कापले, बूट हरवले, आंघोळी घातल्या. खोकं तर पहिल्याच दिवशी कचऱ्यात! म्हणूनच आज खोकं, बूट, कानातली, स्टँड अशा सगळ्या लवाजम्यासह जगलेली पहिली बार्बी सापडली, तर तिला हजारो डॉलर मिळतात.

इथवर सगळं बरोबर. पण या गोष्टीतून पुढच्या पिढीनं जो धडा घेतला, तो मात्र एकदम उलटा.

१९८८ मध्ये बार्बीची ‘हॅपी हॉलिडेज’ ही खास नाताळची मालिका सुरू झाली. पहिली बाहुली लाल झग्यातली. तिला मागणी वाढली, भाव चढला, आणि मग १९९० च्या दशकात लोकांनी दर नाताळला पुढची बाहुली घेऊन न उघडता माळ्यावर टाकायचा सपाटा लावला. कुणी एक घेई, कुणी दोन-दोन. मुलांच्या कॉलेजची फी यातूनच निघणार, अशी अनेकांची मनोमन खात्री. कंपनीनंही मग हात आखडता घेतला नाही. १९९५ मध्ये ईबे सुरू झालं, देशभरातले माळे एकमेकांना जोडले गेले आणि लोकांना कळलं, अरेच्चा, सगळ्यांच्याच माळ्यावर हेच खोकं आहे! आज त्या दशकातल्या बहुतेक ‘हॉलिडेज’ बाहुल्या विकायला काढल्या, तर महागाई धरून तोटाच पदरी पडतो.

बीनी बेबीज या छोट्या मऊ खेळण्यांचंही तेच झालं. त्यांच्या कानाला लटकणाऱ्या पुठ्ठ्याच्या टॅगला चरा पडू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालायची पद्धत होती. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या एका कोर्टात घटस्फोट घेणारं जोडपं जमिनीवर बसून आपल्या बीनी बेबीजची वाटणी करतानाचा फोटो जगभर छापून आला होता. एक तुला, एक मला! तो संग्रह पुढे कवडीमोल होणार आहे, हे त्या दिवशी कोर्टात कुणाच्याच गावी नव्हतं.

सगळ्यात कडी मात्र केनर कंपनीची. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ तुफान चालला आणि नाताळपर्यंत त्याची खेळणी काही तयार होईनात. मग कंपनीनं काय करावं? चक्क रिकामा पुठ्ठा विकला! आत एक कूपन. ते भरून पाठवायचं, म्हणजे चार बाहुले १९७८ मध्ये पोस्टानं घरी येणार. लोकांनी तो पुठ्ठा आनंदानं घेतला आणि कूपन न फाडलेला तो संच आज स्वतःच कलेक्टरांची मौल्यवान चीज आहे. ज्यात कधी बाहुली नव्हतीच, असं खोकं!

तर फंडा असा की, जुन्या बाहुलीला भाव येतो तो बाकीच्यांनी आपापल्या बाहुल्या खेळून संपवल्यामुळे. न उघडणाऱ्याचा नफा उघडणाऱ्यांच्या जिवावर उभा असतो. सगळेच शहाणे झाले आणि सगळ्यांनीच जपून ठेवलं, की खेळ खल्लास.

बंद खोक्याच्या आत

आता दुसरा गैरसमज. खोकं म्हणजे तिजोरी. एकदा बंद केली की आतली बाहुली जशीच्या तशी. हे ज्यानं कुणी पसरवलं, त्यानं मुंबईचा एक पावसाळा काढलेला नसावा.

बाहुलीचं डोकं आणि हात बहुधा मऊ व्हिनाइलचे असतात. व्हिनाइल मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात काही तेलकट रसायनं मिसळतात. वर्षं गेली की ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि बाहुलीचा चेहरा चिकट लागायला लागतो. उष्णता मिळाली की हे आणखी लवकर होतं. खोकं बंद आहे म्हणून ही क्रिया थांबत नाही. फक्त तुम्हाला दिसत नाही, इतकंच.

शिवाय खोक्यातच काही घरभेदी बसलेले असतात. हात जागेवर राहावा म्हणून लावलेलं रबर काही वर्षांनी वितळून मनगटाला चिकटतं. गडद रंगाच्या झग्याचा डाग पायावर उतरतो. पुठ्ठा दमट हवा शोषून घेतो आणि त्यावर तपकिरी ठिपके येतात. सुरुवातीच्या बार्बींची कानातली तर जमवणाऱ्यांमध्ये बदनामच आहेत. त्यांच्यातल्या तांब्याचा हिरवा गंज व्हिनाइलमध्ये मुरतो आणि कानाभोवती हिरवा डाग पडतो. वेळीच कानातली काढून ठेवली, तर बाहुली वाचते. पण काढणार कशी? खोकं उघडायचं नाही ना!

आपल्या आज्यांना हे बरोब्बर माहीत होतं. पैठणी मलमलच्या कपड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवायच्या, पण तिथेच विसरायच्या नाहीत. अधूनमधून बाहेर काढायची, सावलीत हवा दाखवायची, घडी बदलून पुन्हा ठेवायची. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली, तर जर तिथेच तुटते. जपणं म्हणजे हात न लावणं, असा अर्थ त्यांनी कधीच काढला नाही. आणि मुख्य म्हणजे, घरात लग्न निघालं की त्या पैठणी नेसायच्यासुद्धा!

मैत्रिणीचा फोन

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण म्हणजे ठाण्याच्या एका मैत्रिणीचा फोन. तिच्या मामानं १९९८ मध्ये दुबईहून तिच्यासाठी बाहुली आणली होती. गडद निळ्या मखमली झग्यातली. आईनं ती खोक्यासकट कपाटावर ठेवली. “चांगली वस्तू आहे, खराब करशील.” मग दहावी झाली, इंजिनीअरिंग झालं, लग्न झालं. बाहुली माहेरच्या कपाटावरून सासरच्या कपाटावर आली. आता मैत्रिणीची लेक सहा वर्षांची आहे आणि तिला ती दिसलीये.

“अगं, नेटवर तिची किंमत बघितली का?” मैत्रीण म्हणाली. “तीनशे डॉलर!”

मी म्हटलं, “ती मागितलेली किंमत आहे. विकल्या गेलेल्या बाहुल्यांचे भाव वेगळे दिसतात, ते बघ.” पाच मिनिटांनी परत फोन. आकडा अठरा डॉलर. कुरियरचा खर्च वेगळा!

तरीही तिचा हात उचलेना. पैशाचा प्रश्न मिटला होता, म्हणजे अडलं होतं ते कुठेतरी दुसरीकडेच. मग हळूच म्हणाली, “मामा गेला ना मागच्या वर्षी. त्यानं दिलेलं हे एवढंच राहिलंय. उघडलं आणि मोडलं तर?”

यावर माझ्याकडे रेडीमेड उत्तर नव्हतं. एवढंच विचारलं, की मामानं बाहुली आणली होती ती कशासाठी? कपाटावर ठेवायला?

त्या शनिवारी खोकं उघडलं. मनगटावर रबराचा पिवळा वळ होता आणि दोन्ही गुडघ्यांवर मखमलीची निळी छटा उतरली होती. एवढं जपून, हात न लावून! लेकीला त्याचं काही नव्हतं. तिनं बाहुलीचे केस विंचरले आणि तिचं नाव ठेवलं, ‘प्रिया मिस’. शाळेतल्या बाईंच्या नावावरून. मैत्रीण म्हणाली, “इतकी वर्षं आम्ही तिला नुसतं ‘दुबईची बाहुली’ म्हणत होतो गं. मी तिला नावच ठेवलं नव्हतं.”

मग कधीच बंद ठेवू नये?

असंही नाही हं. एखादी बाहुली खरंच जुनी, दुर्मीळ आणि खोक्यासकट अखंड असेल, तर ते खोकंही इतिहासाचा भाग असतं. त्यावरची छपाई, किमतीचं लेबल, दुकानाचा शिक्का यातून त्या काळातला बाजार कळतो. अशी वस्तू हाती आली, तर आधी जाणकाराला दाखवा, कात्री नंतर. आणि कुणाला नुसतं खोकं बघूनच आनंद मिळत असेल, तर तोही आनंदच की! फक्त त्याला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणू नका. त्यासाठी एसआयपी आहे.

हल्ली तर कंपन्यांनी या प्रश्नाचंच दुकान मांडलंय. ऑफिसच्या बॅगांना लटकणारे लबूबू घ्या. ते येतात ‘ब्लाइंड बॉक्स’मध्ये. आत कुठला निघणार, ते उघडल्याशिवाय कळत नाही. ‘सीक्रेट’ लबूबू निघण्याची शक्यता ७२ मध्ये एक. म्हणून काही जण दुकानात खोकी कानाशी धरून हलवतात, हातात तोलून बघतात. आंबा निवडावा तसं! जून २०२५ मध्ये बीजिंगच्या एका लिलावात माणसाएवढा लबूबू १० लाख ८० हजार युआनला गेला, ही बातमी वाचून अनेकांचे डोळे चमकले. पण तो जगात एकच होता, भाऊ. तुमच्या बॅगेला लटकतोय, तसे लाखो आहेत.

‘टॉय स्टोरी २’ हा १९९९ चा सिनेमा आठवतोय? त्यातला स्टिंकी पीट हा बाहुला आयुष्यभर खोक्यात राहिलेला. एकही ओरखडा नाही, एकदम मिंट कंडिशन, आणि सगळ्या सिनेमात सर्वांत कडवट तोच. कारण त्याच्याशी कधी कुणी खेळलेलंच नसतं. शेवटी तो एका मुलीच्या दप्तरात जाऊन पडतो. तिथे आधीपासून असलेल्या बार्बीचा चेहरा त्या मुलीनं रंगवून ठेवलेला असतो. तो घाबरतो. बार्बी मात्र मजेत असते!

उघडायचं ठरलंच तर...

• आधी खोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. झाकण फाडू नका, चिकटपट्टी ब्लेडनं अलगद कापा.

• रबरं, तारा, डोक्यामागे टोचलेले प्लॅस्टिकचे टाके कापून काढा. ओढू नका. धातूची कानातली काढून वेगळ्या पुडीत ठेवा.

• बूट आणि पर्स सगळ्यात आधी हरवतात. त्यांची एक डबी करा.

• खोकं चपटं करून ठेवून द्या. उद्या विकायची वेळ आलीच, तर बाहुली आणि खोकं दोन्ही असणं केव्हाही चांगलं.

• शोकेस खिडकीसमोर नको, उन्हानं रंग उडतो. डांबराच्या गोळ्या प्लॅस्टिकजवळ नकोत. नव्या बुटांसोबत येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या पावसाळ्यात मस्त चालतात.

आणि हो, हे सगळं वाचून झालं की एकदा स्वतःच्या घरात चक्कर मारा. न वापरलेलं अत्तर, न नेसलेली साडी, शाई न भरलेलं पेन, ‘चांगल्या दिवसासाठी’ ठेवलेले कप. सगळ्यांचं आतल्या आत वय वाढतंय. चांगला दिवस ही काही कुरियरनं येणारी गोष्ट नाही. या वीकएंडला एक तरी खोकं उघडा. कात्री स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्येच असते!