तक्रारींची संख्या आणि एका सेलचा दोष

मी राहतो त्या नोएडातील सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा एकाच विषयावर दोन तास खल झाला. तळघरातील पार्किंगमध्ये विद्युत मोटारींसाठी चार्जर बसवू द्यावेत की नाहीत, हा तो विषय. एका सदस्याने मला विचारले, ‘‘साहेब, आपण सरकारात होतात. अशी एखादी गाडी उभ्या जागी पेटली, तर ती का पेटली हे शोधून आम्हाला सांगणारे खाते कोणते?’’ तीन दशकांहून अधिक काळ शासनात घालवूनही मला त्यावर नेमके उत्तर देता आले नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विद्युत मोटारी पेट्रोलच्या मोटारींपेक्षा अधिक वेळा पेटतात, असे उपलब्ध नोंदींवरून दिसत नाही. फरक आगीच्या स्वरूपात आहे. लिथियम-आयन बॅटरीत एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवत जाते. ही आग विझवण्यास फार पाणी लागते आणि विझल्यावरही काही तासांनी ती पुन्हा भडकू शकते. १ ऑगस्ट २०२४ रोजी दक्षिण कोरियातील इंचॉन येथे एका निवासी संकुलाच्या तळघरात उभी असलेली मर्सिडीझ बेंझची विद्युत मोटार पेटली. ती चार्जिंगवरही नव्हती. शेजारच्या शंभराहून अधिक मोटारींचे नुकसान झाले. बॅटरीतील सेल कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला आणि ती माहिती जाहीर करण्यास कोरियाच्या सरकारने उत्पादकांना सांगितले.

किंमत जास्त म्हणून दोष कमी, असा हिशेब येथे चालत नाही. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जॅग्वारने ‘आय-पेस’च्या २०१९च्या मॉडेलधारकांना अमेरिकेत २०२४ मध्ये बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करण्याचा आणि गाडी घराबाहेर उभी करण्याचा सल्ला दिला. पुढे त्या गाड्या परत विकत घेण्याची वेळ आली. महागड्या गाडीचा पाचवा हिस्सा पल्ला कागदावरच राहणे, हा सुरक्षेइतकाच विश्वासार्हतेचाही प्रश्न आहे.

आपल्याकडे कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहने परत मागविण्याचे नियम लागू झाले. परंतु सक्तीने वाहने परत मागविण्यासाठी या नियमांनी तक्रारींची संख्या ठरवून दिली आहे. वर्षाला पाचशेपर्यंत खपणाऱ्या मोटारींसाठी विक्रीच्या २० टक्के, तर दहा हजारांहून अधिक खपणाऱ्यांसाठी १,२५० तक्रारी. ब्रेक वा स्टीअरिंगच्या दोषाला ही पद्धत लागू पडेल. कारण तो दोष अनेक चालकांना जाणवतो. सेलमधील दोष आग लागेपर्यंत कोणालाच जाणवत नाही. जनरल मोटर्सने २०२१ मध्ये सुमारे १ लाख ४२ हजार ‘बोल्ट’ गाड्या परत मागविल्या, तेव्हा प्रत्यक्ष पेटलेल्या गाड्या मोजक्याच होत्या. ह्युंदाईने २०२० च्या अखेरीस भारतात ४५६ ‘कोना’ स्वेच्छेने परत बोलावल्या. आपल्या नियमाचा निकष तेथे लावला असता, तर नव्वदहून अधिक मालकांच्या तक्रारींची वाट पाहावी लागली असती.

२०२२ मध्ये विद्युत स्कूटरच्या आगींनंतर शासनाने तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीची मानके कडक केली, हे मान्य केले पाहिजे. मोटारींच्या मानकानुसार, सेल भडकला तर प्रवाशांना किमान पाच मिनिटे आधी इशारा मिळायला हवा. पण तळघरात रात्री उभ्या असलेल्या गाडीत इशारा ऐकायला असते कोण? चीनने २०२५ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. बॅटरीतून आग वा स्फोट होताच कामा नये, असे त्याचे नवे मानक सांगते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे बिहटा आठवते. जुलै १९३७ मध्ये बिहारमधील या ठिकाणी एक्सप्रेस गाडी रुळांवरून घसरून शंभराहून अधिक माणसे मेली. तिचे इंजिन नव्या ‘पॅसिफिक’ जातीचे होते आणि त्या इंजिनांच्या हेलकाव्यांची कुरबुर आधीपासून होती. त्यानंतर नेमलेल्या समितीने रेल्वेचे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या अधिपत्याखाली नसावेत, अशी दिशा दाखविली. १९४१ मध्ये ते वेगळे झाले. आजही रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. जो गाड्या चालवतो, त्यानेच अपघाताची चौकशी करू नये, हे तत्त्व आपण परक्या राजवटीतही स्वीकारले होते.

रस्त्यावरील वाहनांसाठी तेच तत्त्व लागू करावे. विद्युत मोटारीच्या बॅटरीला लागलेल्या प्रत्येक आगीची नोंद बंधनकारक असावी, चौकशी उत्पादक आणि परवाना देणारे खाते यांच्याबाहेरील यंत्रणेने करावी आणि अहवाल ठरावीक मुदतीत लोकांसमोर यावा. बॅटरीला आधारसारखा क्रमांक देण्याची कल्पना आपल्याकडे चर्चेत आहेच. सेल कोठे व कधी बनले, हे त्या क्रमांकावरून खरेदीदाराला कळले पाहिजे. आणि बॅटरीच्या दोषापुरती तक्रारसंख्येची अट काढून टाकावी.

आमच्या सभेने चार्जरचा निर्णय पुढे ढकलला. देशभर अशा किती सभा निर्णय पुढे ढकलत असतील! विद्युत वाहनांच्या प्रसाराला अनुदानाइतकीच गरज त्या सदस्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकणाऱ्या यंत्रणेची आहे.