ईयाचा सूर्यास्त न पाहिल्याबद्दल

"सांतोरिनीला जाऊन ईयाचा सूर्यास्त पाहिला नाहीत? म्हणजे आग्र्याला जाऊन ताजमहाल न बघता नुसता पेठा घेऊन परत!"

आमच्या घरच्या ग्रुपवर मामेभावाने टाकलेलं हे वाक्य. त्याखाली अकरा हसरे चेहरे, मग धाकट्या मावशीचं "अगं, एवढे पैसे घालून?" आणि आईचं मौन. हे मौन मी लहानपणापासून ओळखते. आपलंच काहीतरी चुकलं असणार असं वाटलं की आई अशी गप्प होते.

ग्रुपवर भांडायला जागा कमी पडते आणि अंगठेही दुखतात, म्हणून इथे लिहिते आहे. मामेभाऊ हा ब्लॉग वाचतो. वाचून झाल्यावर त्याने फोन करावा, भांडायला मी तयार आहे. :-)

तर झालं असं. २०२४च्या सप्टेंबरात आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे जर्मनीत आली होती. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आईचं वय त्र्याहत्तर आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. कॅलेंडरवरचं पांढऱ्या घरांचं आणि निळ्या घुमटांचं चित्र बघून ती एकदा "छान आहे हो" म्हणाली. तेवढ्यावर मी अथेन्सची तिकिटं काढली आणि तिथून बोटीने सांतोरिनी. बेटावर दोन रात्री.

आता एक कबुली. गाडी आणि माणूस असं दोन्ही भाड्याने घेऊन फिरणाऱ्या लोकांना मी आजवर मनातल्या मनात नावं ठेवत आले. पाठीला पिशवी लावावी, गावच्या बसने जावं, चुकावं, विचारत विचारत पोचावं, हा माझा बाणा. पण इथल्या बसने एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर बहुतेक वेळा आधी फिरा या मुख्य गावात यावं लागतं आणि तिथे गाडी बदलावी लागते. जुन्या बंदरापासून फिरापर्यंत जवळजवळ सहाशे पायऱ्या आहेत, म्हणजे गुडघेवाल्यांनी तिकडे बघायचंही नाही. शेवटी बाणा गुंडाळून ठेवला आणि पाच तासांसाठी एक गाडी ठरवली, चालकासकट. दोघींच्या बसच्या सहलीला जेवढे पडले असते त्याच्या साधारण तिप्पट पैसे. आईला आकडा सांगितला नाही. (आई, आता कळलं असेल. रागावू नकोस.)

दुपारी गाडी आली. चालक पस्तिशीचा, इथेच जन्मलेला, इंग्रजी बरं बोलणारा. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "आईंना काय बघायचंय?"

मी यादी सांगायला लागले. ईया, निळे घुमट, काळ्या वाळूचा किनारा, सूर्यास्त... त्याने आरशातून बघत हात वर केला. म्हणाला, तुमचं कळलं, आईंना विचारा.

मी विचारलं. आई म्हणाली, "तुम्हाला सोयीचं पडेल तसं."

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबांच्या सहली नातेवाइकांना माहीतच आहेत. निळी वही, त्यात स्थळांची क्रमवार यादी आणि बघून झालं की त्यापुढे बरोबरची खूण. हंपी, म्हैसूर, कन्याकुमारी, सगळीकडे बाबा पुढे, आम्ही दोघं भावंडं मधे आणि आई मागे, पाण्याची बाटली आणि दशम्यांचा डबा घेऊन. बाबांना दोष देत नाही. कारकुनाच्या पगारात चार वर्षांनी एक सहल व्हायची, त्यातला एक रुपयाही वाया जाऊ नये म्हणून ती वही होती. पण आईला काय बघायचंय, हा रकाना त्या वहीत नव्हता. तो असायला हवा असं आम्हा मुलांनाही कधी सुचलं नाही. पन्नास वर्षांत न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर परक्या देशात, परक्या गाडीत, अर्ध्या मिनिटात कुठून येणार?

मी पुन्हा विचारलं नाही. चालकही गप्प राहिला. गाडी चढ चढत होती. दोन्ही बाजूंना झाड म्हणून नाही, नुसते राखाडी उतार. आई बाहेर बघत होती. मग म्हणाली, "आमच्या माणसारखंच बोडकं आहे की गं हे. इथली माणसं पाणी कुठून आणत होती, विचार बरं त्याला."

आईचं माहेर माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात ती एकवीस वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर गेलेली, सुकडी खाल्लेली. पाणी या विषयावर तिला जे कळतं ते मला कधीच कळणार नाही.

मी प्रश्न भाषांतर करून सांगितला. चालकाने घड्याळ पाहिलं आणि सरळ सांगितलं, "ते दाखवतो. पण ते बेटाच्या या टोकाला आहे आणि ईया त्या टोकाला. पाच तासांत दोन्ही होणार नाही, संध्याकाळी रस्ता तुंबतो. एक काहीतरी सोडा."

खरं सांगते, मला ईया बघायचं होतं. फोटो काढायचा होता, तो इथे लावायचा होता. मी आईला म्हटलं, "आई, नक्की ना? ईया म्हणजे इथलं सगळ्यात प्रसिद्ध बरं का." आणि आई पटकन म्हणाली, "तुला बघायचंय का? मग तिकडेच जाऊ."

त्या क्षणी निळी वही माझ्या हातात होती, मंडळी. अगदी बाबांसारखीच धरली होती मी ती. कशीबशी खाली ठेवली आणि चालकाला सांगितलं, ईया नको.

पुढे काय पाहिलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पेठ्याचा हिशेब लागेल.

इथे वर्षाला साधारण तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. बेटावर नदी नाही. म्हणून जुन्या घरांची गच्ची आणि अंगण अशा उताराने बांधलेलं असायचं की पडलेला थेंबन् थेंब घराखालच्या टाकीत जावा. या टाकीला ते स्तेर्ना म्हणतात. चालकाने मेगालोखोरी गावात त्याच्या आजीच्या जुन्या घराची टाकी दाखवली. लोखंडी झाकण उचललं तशी आई गुडघे विसरून खाली वाकली. दगड टाकून आवाज ऐकला. "आहे अजून पाणी," म्हणाली, आणि तिचा चेहरा मी बघत राहिले. आता समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आहेत, त्यावर गावं आणि हॉटेलं चालतात. टाकीतलं पाणी तो झाडांना घालतो.

द्राक्षाचे वेल बघितले. आपल्या नाशिक-सांगलीसारखे मांडवावर चढवलेले नाहीत. जमिनीलगत गोल गोल वळवून त्यांची टोपली करतात, द्राक्षं टोपलीच्या आत. वरून वारा जातो, ऊन थेट लागत नाही आणि रात्रीची दमट हवा ती ज्वालामुखीची भुसभुशीत माती धरून ठेवते. आईने मूठभर माती उचलून चोळून पाहिली. "हलकी आहे, पण ओल धरत असणार." शेतकऱ्याची मुलगी, तिला कुणी शिकवायला नको.

घरांच्या कमानी का, तेही कळलं. छपराला तुळया घालायला बेटावर लाकूडच नव्हतं. म्हणून राखेच्या थरात कोरलेली किंवा चुना आणि ज्वालामुखीची माती कालवून बांधलेली कमानदार घरं. हीच माती १८६०च्या दशकात सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी इथून खणून नेली, आणि खणताना खाली जुनी घरं निघाली.

त्यातलं सगळ्यात मोठं गाव म्हणजे आक्रोतिरी. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकात राखेखाली गाडलं गेलेलं. १९६७ साली स्पिरिदोन मारिनातोस या पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन सुरू केलं. आता वर मोठं छप्पर आहे आणि चालायला सपाट वाट, त्यामुळे आईचे गुडघे खूश. दोन-तीन मजली घरं, धान्याचे रांजण आणि फरसबंद रस्त्याखाली सांडपाण्याची गटारं. आई त्या गटारांपाशी दहा मिनिटं उभी होती. माणसांचे सांगाडे मात्र राखेत सापडलेले नाहीत. आधी धक्के बसले असावेत आणि लोक निघून गेले असावेत असं मानतात. हे सांगितल्यावर आईने हात जोडले. म्हणाली, "वेळेवर निघाली बिचारी."

संध्याकाळी एका साध्या खाणावळीत फावा खाल्ला. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्हचं तेल आणि कच्चा कांदा. आईने पहिला घास घेऊन जाहीर केलं, "पिठलं!" नंतर वाचलं तर ही डाळ लाखेच्या कुळातली, म्हणजे विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. कोरड्या जमिनीत येणारी दोन्ही.

आणि सूर्यास्त? तो झाला. आई तेव्हा गाडीत डोकं टेकून गाढ झोपली होती. मी उठवलं नाही.

आता मूळ मुद्दा. खासगी गाडी करून फिरण्यात आपण नक्की काय विकत घेतो? मला वाटायचं आराम, थंड हवा, रांग न लावणं. ते आहेच, पण त्यासाठी तिप्पट पैसे जास्त आहेत. आपण विकत घेतो तो सोडून देण्याचा हक्क. पन्नास जणांच्या बसमध्ये एका बाईला पाण्याची टाकी बघायची आहे म्हणून सूर्यास्त रद्द करता येत नाही, आणि करूही नये. उरलेल्या एकोणपन्नासांवर तो अन्याय होईल. दोघींच्या गाडीत ते करता येतं. हा हक्क वापरायचा नसेल, तीच पाच ठिकाणं त्याच क्रमाने धावतपळत उरकायची असतील, तर सरळ बसने जा आणि उरलेल्या पैशांत छान जेवा.

उलट बाजूही सांगते. मोठ्या सहलीत सोबत असते. आईला चार मराठी बायका भेटल्या असत्या, गप्पा झाल्या असत्या. ती मजा माझ्याबरोबर तिला मिळाली नाही, हे मला दिसत होतं. शिवाय पाच तासांत बेट कळलं असा माझा मुळीच दावा नाही. आम्हाला एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, एवढंच. पण वहीतल्या बारा खुणांपेक्षा ते मला जास्त वाटतं.

आणि त्या प्रसिद्ध सूर्यास्ताबद्दल. या बेटाची वस्ती साधारण पंधरा हजार. २०२३ साली तिथे सुमारे ३४ लाख माणसं आली. २०२५पासून दिवसाला क्रूझचे आठ हजारच प्रवासी अशी मर्यादा घालावी लागली, शिवाय त्यांच्यावर वेगळं शुल्क लागलं. एवढ्या सगळ्यांना एकाच संध्याकाळी एकाच कट्ट्यावर उभं राहायचं असतं. आम्ही न गेल्याने एक गाडी कमी झाली म्हणून मिरवणार नाही, कारण समुद्रातून गोडं केलेल्या त्यांच्या पाण्याने आंघोळी आम्हीही केल्या. पण प्रत्येकाने तेच बघायला हवं असं कुठे लिहिलंय? आमच्या निळ्या वहीत लिहिलं असेल कदाचित.

फेब्रुवारी २०२५मध्ये बातम्या आल्या. सांतोरिनीच्या आसपास भूकंपाचे हजारो धक्के बसले, दहा हजारांहून जास्त लोक बेट सोडून गेले. तिथे १९५६च्या जुलैत पहाटे मोठा भूकंप झाला होता, पन्नासहून जास्त माणसं गेली होती. चालकाची आजी त्यातून वाचलेली, हे त्याने टाकीपाशी सांगितलं होतं. आई तेव्हा परत पुण्याला होती. तिने सकाळी सहाला फोन केला. "त्या मुलाला विचार, निघालाय ना वेळेवर. आणि टाकीला तडा गेला नाही ना?"

मी निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बायको-मुलाला घेऊन तो अथेन्सला पोचला होता. टाकीचं परत गेल्यावर बघून सांगतो म्हणाला. एप्रिलमध्ये फोटो आला, झाकण उघडं आणि आत पाणी. आईने तो फोटो देव्हाऱ्याशेजारी नाही, पण फ्रिजवर लावलाय. निळ्या घुमटांचं कॅलेंडर त्याच्या खाली गेलं.

तेव्हा मामेभाऊसाहेब, पैसे वसूल झाले.

बाकीच्यांना एकच सांगणं. आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना कुठे घेऊन गेलात तर काय बघायचंय ते त्यांनाच विचारा. "तुम्हाला सोयीचं पडेल तसं" असं उत्तर येईल. त्यावर लगेच यादी काढू नका. थोडा वेळ खिडकीबाहेर बघत गप्प बसा. मलाही ते चालकाकडून शिकावं लागलं.

ता.क. आईने हा लेख छापायच्या आधी वाचला. एकच दुरुस्ती सुचवली: "पिठल्याला लसणाची फोडणी असते, त्याला नव्हती. तेवढं लिही." लिहिलं.