‘पळ’ म्हणू नका, ‘बघ’ म्हणा

पहाटे रस्त्यावर भरतीची पोरं पळताना दिसत नाहीत, असं गाव आपल्या सातारा-सांगलीत शोधूनही सापडणार नाही. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, आणि दोघांनाही १०० मीटर. हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, सोबत एखादा मित्र, आणि रोज दोन-चार सेकंद कमी करायची जिद्द. हे पळणं खरं आहे, त्याच्यावर घरं उभी राहतात. त्याला नावं ठेवायचा प्रश्नच नाही.

पण पळण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात सगळ्यात जोरात पळणारा जिंकतोच असं नाही. कधी थांबायचं, कधी वळायचं, कधी समोरच्याला जवळ येऊ द्यायचं आणि कधी सुटायचं, हे ज्याला कळतं तो टिकतो. खो-खोतलं पळणं हे असं आहे. बेसबॉलमध्ये एका बेसवरून दुसऱ्या बेसवर जाणं असं आहे. क्रिकेटमधली चोरटी धावही अशीच. आणि माझं म्हणणं असं, की आपण शाळांच्या मैदानावर हे दुसरं पळणं शिकवतच नाही. आपण पाय तयार करतो आणि डोळे तसेच ठेवतो.

कुठल्याही तालुका स्पर्धेत खो-खोचा सामना बघा. मैदानात बारा-तेरा वर्षांची तीन पोरं पळतायत आणि बाहेरून एकाच वेळी पाच जण ओरडतायत. ‘वळ!’ ‘आत घे!’ ‘खांबाकडं!’ ‘अरे पळ की!’ पोरगं ऐकतं, मान वळवून सरांकडं बघतं, आणि नेमकं त्याच क्षणी बाद होतं. मग परत बोलणी त्यालाच. सरांची सूचना चूक असते असं नाही. ती बरोबर असली तरी उशिरा येते. सरांनी बघायचं, सरांनी ठरवायचं, सरांनी ओरडायचं, पोरानं ऐकायचं आणि मग पाय हलवायचे. एवढ्या वेळात पाठलाग करणारा दोन पावलं पुढं आलेला असतो.

खो-खो मुळात नजरेचा खेळ आहे, हे त्याच्या नियमांतच दिसतं. मैदान २७ बाय १६ मीटरचं. आठ गडी मधल्या पट्टीवर आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. या नवव्यावर बंधनं किती! मधली पट्टी ओलांडायची नाही. एकदा एका खांबाची दिशा धरली की मागं फिरायचं नाही; खांबापर्यंत जायचं, नाहीतर खो द्यायचा. आणि खो द्यायचा तो बसलेल्याच्या पाठीमागूनच. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. बसलेल्यांच्या मधून तो आरपार जाऊ शकतो. म्हणजे पाठलाग करणाऱ्यानं खांदा वळवून दिशा दाखवली, की त्यानं आपला एक पत्ता उघडा केला. तो पत्ता वाचता आला पाहिजे, एवढंच.

समजा चेसर मधल्या पट्टीच्या पलीकडं आहे आणि तुम्ही अलीकडं. तुमच्या शेजारी बसलेल्या गड्याचं तोंड तुमच्याकडं असेल, तर त्याची पाठ चेसरकडं आहे. पुढच्या क्षणी त्याला खो मिळेल आणि तो सरळ तुमच्या अंगावर येईल. तिथं रेंगाळायचं नाही. पण त्याचं तोंड पलीकडं असेल, तर चेसर त्याला खो देऊच शकत नाही. तिथं तुम्हाला श्वास घ्यायला वेळ आहे. एका वाक्यात सांगता येणारी गोष्ट आहे ही. पण किती शाळांत ती सांगितली जाते? बहुतेक ठिकाणी साखळी पाठ करून घेतात: इथून आत, तिथून बाहेर. चेसरनं लय बदलली की पाठांतर संपतं आणि पोरगं उघडं पडतं.

बेसबॉल आपल्याकडं शालेय स्पर्धांच्या यादीत आहे, पण बहुतेकांनी तो फक्त मोबाईलवर बघितलेला. त्यात दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर. जवळजवळ आपल्या खो-खोच्या मैदानाची लांबी! तिथला चांगला धावक चेंडू टाकला जाण्याआधीच बघून ठेवतो: किती गडी बाद झालेत, लांबचे क्षेत्ररक्षक कुठं उभे आहेत, कुणाचा हात जोरकस आहे. कारण उंच उडालेला चेंडू झेलला गेला, तर त्याला आधीच्या बेसला परत टेकूनच पुढं जाता येतं. पण दोन गडी आधीच बाद असतील तर तो हिशोब नसतो. बॅट लागली की सुटायचं. एकाच फटक्याला दोन वेगळी उत्तरं. ती पायांना ठाऊक नसतात, आधी बघून ठेवलेल्या डोक्याला ठाऊक असतात. तिथंही तिसऱ्या बेसजवळ प्रशिक्षक हात हलवत उभा असतो. पण त्याच्याकडं बघायचं कधी आणि स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा कधी, हेसुद्धा धावकाला शिकावं लागतं.

२००४ च्या ऑक्टोबरमधली एक गोष्ट अमेरिकेत अजून सांगतात. बोस्टन रेड सॉक्स संघ न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध मालिकेत ०-३ असा मागं, चौथ्या सामन्यातही शेवटच्या डावात एका धावेनं मागं. डेव्ह रॉबर्ट्स नावाच्या खेळाडूला फक्त पळण्यासाठी उतरवलं. तो दुसरा बेस चोरणार हे अख्ख्या मैदानाला माहीत होतं. गोलंदाज मारियानो रिव्हेरानं त्याला पकडण्यासाठी पहिल्या बेसकडं तीनदा चेंडू फेकला. तरी रॉबर्ट्स सुटला, थोडक्यात वाचला आणि पुढच्या फटक्यावर बरोबरीची धाव घेऊन आला. बोस्टननं तो सामना जिंकला, मालिका जिंकली आणि १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजही जिंकली. सगळ्यांना माहीत असताना पळायचं, तर नुसता वेग पुरत नाही. समोरच्याची लय वाचावी लागते.

उलटं उदाहरण क्रिकेटमधलं. १७ जून १९९९, विश्वचषकाची उपांत्य फेरी, एजबॅस्टन. दक्षिण आफ्रिकेला एक धाव हवी, शेवटची जोडी मैदानात. क्लूसनर पळाला, डोनाल्ड वेळेत निघालाच नाही. सामना बरोबरीत सुटला आणि ऑस्ट्रेलिया पुढं गेली. दोघंही जगातले मोठे खेळाडू, पायांत काही कमी नव्हतं. कमी पडला तो एका क्षणाचा निर्णय.

आता कोयनानगरकडं येऊ. धरण, प्रकल्पाची कॉलनी, भोवतीच्या वाड्या, आणि वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस. जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे नुसता चिखल. आणि शालेय स्पर्धांचा तालुक्याचा टप्पा येतो तो साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे पाटणला खेळायला जायच्या आधी या खोऱ्यातल्या पोरांना धड महिनाभर कोरडं मैदान मिळत नाही. तिथून पुढं सातारा, मग कोल्हापूर विभाग. वरच्या टप्प्यांवर गाठ पडते ती मोठ्या शहरांतल्या क्लबमध्ये सराव करणाऱ्या पोरांशी. डोंगराच्या पोरांचा दम कमी पडत नाही. चढ-उतारावर वाढलेली पोरं ती. कमी पडतात मैदानावर घेतलेले निर्णय, कारण त्यांची संख्याच कमी.

म्हणूनच नजर शिकवणं ही इथं चैन नाही, गरज आहे. आणि तिला मैदान लागत नाही. शाळेचा व्हरांडा पुरतो. आठ चपला एका ओळीत मांडा, एकीचं टोक इकडं, पुढचीचं तिकडं. टोक म्हणजे बसलेल्याचं तोंड. पाण्याची बाटली म्हणजे चेसर, खडू म्हणजे पळणारा. मग पोरांना विचारा, ‘चेसर इथं आहे, तोंड त्या खांबाकडं. तू इथं. कुठं जाशील?’ तीन सेकंदांत उत्तर. मग विचारा, का? एका तासात एक पोरगं असे तीस-चाळीस निर्णय घेईल. खऱ्या सामन्यात त्याला संपूर्ण डावात इतके मिळत नाहीत. पाऊस थांबला की तेच अर्ध्या मैदानावर, चारच बसणारे ठेवून, खरंखुरं पळून करायचं.

यावर तीन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, ‘हे उपजत असतं, शिकवून येत नाही.’ थोडंफार उपजत असेलही. पण ज्याला आपण उपजत म्हणतो त्यातलं बरंच लहानपणी गल्लीत शिवाशिवी, लंगडी, विटीदांडू खेळून जमा झालेलं असतं. तिथं ओरडणारे सर नव्हते. पोरं चुकत होती, बाद होत होती, परत येत होती. ते खेळ कमी झाले, मग ती जमा कुठून होणार?

दुसरी, ‘आधी तंत्र, मग डोकं.’ खांबावर कसं वळायचं, पडताना कसं पडायचं, हे आधी हवंच. कठीण जमिनीवर त्याशिवाय गुडघे फुटतात. पण वळायचं कसं हे शिकवताना वळायचं कधी हेही शिकवता येतं. दोन्ही वेगळी करून पहिलंच वर्षानुवर्षं चालवायचं, हे पटत नाही.

तिसरी हरकत सगळ्यात खरी. ‘आम्हाला निकाल लागतो.’ दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्राच्या मागं घरचे असतात. अशा वेळी बाद होऊन शिकू दे म्हणणं सरांना परवडत नाही. ही अडचण मला मान्य आहे. काही निर्णय बाहेरूनच यावेत, हेही मान्य: किती वेळ उरलाय, कुठली तुकडी आधी उतरवायची. पण सामना आणि सराव यांत फरक करा ना. सामन्यात ओरडा हवं तर. सरावात निदान एका डावात तोंडाला कुलूप लावा, आणि पोरगं बाद झालं की रागवायच्या ऐवजी एकच प्रश्न विचारा: ‘तुला काय दिसलं?’

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. नेपाळविरुद्ध महिलांचा निकाल ७८-४०, पुरुषांचा ५४-३६. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. त्याआधी २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगनं ‘वझीर’ आणला, म्हणजे कुठल्याही दिशेला वळू शकणारा चेसर. त्याच्यासमोर पाठ केलेली साखळी काय कामाची? खेळ ज्या दिशेनं चाललाय, तिथं बघून ठरवणाऱ्यालाच जागा आहे.

हे सगळं कॉलेजच्या पुरवणीत का लिहिलं? कारण गावाकडच्या शाळेत क्रीडाशिक्षक अनेकदा एकच असतो, कधी तोही नसतो. संध्याकाळी पोरांना खेळवतो तो सुट्टीला आलेला दादा, नाहीतर भरतीची तयारी करणारी ताई. म्हणजे तुम्हीच. तुमचं स्वतःचं १६०० मीटर झालं, की उरलेला अर्धा तास शाळेच्या व्हरांड्यात द्या. आठ चपला, एक बाटली, एक खडू. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे गप्प बसायची तयारी.