निवेदन: जलसुरक्षकांचे प्रशिक्षण सभागृहाऐवजी टाकीवर घेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी साहेब,
जिल्हा परिषद
(मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती यांच्यामार्फत)

विषय: ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक व पाणीपुरवठा कर्मचारी यांचे पाणी शुद्धीकरणाचे वार्षिक प्रशिक्षण, आहे त्याच तरतुदीत, छोट्या गटांत व प्रत्यक्ष टाकीवर घेणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, तालुक्यातील ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक आणि पाणीपुरवठा कर्मचारी. मोटर लावणे, टाकी भरणे, पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणे, व्हॉल्व्ह सोडणे ही आमची रोजची कामे. मानधनाची गाऱ्हाणी वेगळी आहेत, ती वेगळी मांडू. हे निवेदन प्रशिक्षणापुरते आहे आणि त्यात एक रुपयाही जादा मागितलेला नाही.

पावसाळ्याआधी तालुक्याच्या ठिकाणी आमचे एक दिवसाचे प्रशिक्षण होते. मोठे सभागृह, पडद्यावरची चित्रे, तीन-चार भाषणे, फाइल, पेन, जेवण. वक्ते अभ्यासू असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण खर्च सभागृह, ध्वनिक्षेपक आणि जेवणावळीत जातो, आणि दिवसभरात टीसीएलची पिशवी कुणाच्याही हाताला लागत नाही. हजेरीपत्रकावर सही झाली की प्रशिक्षण झाले, असे कागदोपत्री ठरते.

आमचे अडते कुठे, ते सांगतो. हजार लिटरला पाच ग्रॅम हे प्रमाण आम्हा सर्वांना पाठ आहे. ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम, इथवर हिशेब जमतो. मात्र हे प्रमाण ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरचे. तोंड उघडे राहिलेल्या, ओलीला ठेवलेल्या पोत्यातली पावडर २५ टक्क्यांवर उतरली की त्याच टाकीला ३३० ग्रॅम लागते, आणि २० टक्क्यांच्या खाली गेली तर ती वापरायचीच नसते. हे नजरेने कळत नाही. नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. तो कसा भरायचा, अहवाल आल्यावर मात्रा कशी बदलायची, हे आमच्याकडून कधी करून घेतलेले नाही. अनेक गावांत वजनकाटाच नाही; मूठ हेच माप. कुठे कोरडी पावडर थेट टाकीत पडते, कुठे बादलीत कालवून चुना खाली बसायच्या आत गाळासकट ओतली जाते. पुढे अर्धा तास थांबायचे असते, पण खालच्या आळीतून फोनवर फोन येतात आणि व्हॉल्व्ह सुटतो. पाण्यात उरलेले क्लोरीन दाखवणारी ओटी टेस्ट टाकीजवळच्याच नळावर होते, पिवळा रंग दिसला की वहीत नोंद. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरते का, हे बघायला सहसा कुणी जात नाही. गटारातून गेलेली गळकी जोडणी मात्र बहुधा त्याच टोकाला असते.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्यातल्या क्लोरीनची चर्चा राज्यभर झाली. ती पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला उभे राहणाऱ्या आमच्यापर्यंत कामाच्या रूपात पोहोचली नाही.

म्हणून आमची पहिली मागणी अशी, की मोठा मेळावा बंद करून तोच पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय आठ-दहा जणांच्या गटांत वाटावा आणि प्रशिक्षण एखाद्या गावच्या टाकीवर अर्धा दिवस घ्यावे. विषय एकच: वजन, द्रावण, थांबणे, ओटी टेस्ट. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करायचे, चुकले तर पुन्हा. जलजीवन मिशनची उद्दिष्टे आणि योजनांची यादी छापील पत्रकात दिली तरी चालेल. सभागृह आणि जेवण वाचले की त्यातून प्रत्येक गावाला छोटा वजनकाटा, झाकणाचा डबा, हातमोजे, मास्क आणि ताजे ओटी द्रावण देता येईल. साहित्य हातात नसताना दिलेले ज्ञान गावी पोहोचेपर्यंत विरते, हा आमचा अनुभव आहे.

शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. पाणी स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात वर्षानुवर्षे हिरवे कार्ड राखणाऱ्या गावांतले जलसुरक्षक आमच्यातच आहेत. त्यांना आरोग्य विभागाने आणि जिल्हा प्रयोगशाळेने आधी दोन दिवस तयार करावे, सोबत उपकेंद्राचे आरोग्यसेवक द्यावेत, आणि शिकवण्याच्या दिवसाचे मानधन द्यावे. फुकट राबवून घेऊ नये. तेवढी बचत आम्हाला नको. हेच काम मोबाइलवर दोन-दोन मिनिटांत चित्रित करून गटावर टाकल्यास नव्याने लागलेल्या माणसाला वर्षभर थांबावे लागणार नाही.

वेळ सकाळी अकरानंतरची ठेवावी, कारण त्याआधी गावाला पाणी सोडावे लागते. त्या दिवसाचे मानधन कापू नये, असे ग्रामपंचायतींना लेखी कळवावे.

शेवटची मागणी तपासणीची. प्रशिक्षणाचे मोजमाप हजेरीपत्रकावर न करता, महिन्याभराने अचानक येऊन शेवटच्या नळावर ओटी टेस्ट घ्यावी आणि साठ्यातल्या टीसीएलचा नमुना न्यावा. निकाल कमी आला तर नोटीस काढण्याआधी त्या गावी पुन्हा एकदा शिकवणी व्हावी. नोटिशीच्या भीतीने वहीत खोटा पिवळा रंग भरला जातो, हे आपणही जाणता.

सर्व तालुक्यांत एकदम शक्य नसल्यास येत्या पावसाळ्याआधी एका आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात हे करून पाहावे. त्यासाठी टाकी आणि माणसे आम्ही देऊ. चर्चेसाठी वेळ द्यावा व निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले नम्र,
तालुक्यातील जलसुरक्षक व पाणीपुरवठा कर्मचारी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी: मा. जिल्हा आरोग्य अधिकारी; मा. कार्यकारी अभियंता, ग्रामीण पाणीपुरवठा विभाग