बाळाला घेऊन धावायचे असेल तर

गेल्या महिन्यात एका सकाळी दवाखान्याचे शटर वर करतो न करतो तोच एक तरुण जोडपे आत आले. मागोमाग मुलाची आई. मुलाला मी त्याच्या कांजिण्यांपासून ओळखतो, त्यामुळे घरचाच मामला. सुनेच्या कडेवर पाच महिन्यांचे बाळ, खालचा ओठ फाटलेला, कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ. सून धावायला गेली होती. घडी होणारी बाबागाडी ढकलत कॉलेज रस्त्याने पळताना पुढचे चाक खडीत अडकले आणि गाडी तोंडावर आली. बाळाला कमरेचा पट्टा तेवढा होता, खांद्याचे नव्हतेच.

बाळ पडल्यापडल्या रडले होते, उलटी नव्हती, टाळू फुगलेली नव्हती. तरीही सहा महिन्यांच्या आतले मूल डोक्यावर पडले तर मी स्वतःच्या अंदाजावर विसंबत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले, त्यांनी दिवसभर देखरेखीखाली ठेवले. बाळ सुखरूप आहे.

पण त्या सकाळची खरी गाठ वेगळीच होती. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा हिला. आम्ही काय बाळंतपण झाल्यावर रस्त्याने पळत सुटलो होतो?" सून खाली मान घालून उभी. लग्नाआधी या मुलीने सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पुरी केलेली आहे. म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून उतरलेली मुलगी.

मी म्हणालो, "वहिनी, ती धावली यात काही वावगे नाही. गाडी चुकली, आणि बाळ अजून फार लहान आहे."

वहिनींना ते फारसे पटले नाही, आणि बऱ्याच वाचकांनाही पटणार नाही. पण मी तीस वर्षे बायकांना सांगत आलो आहे, बाळंतपणात चढलेले वजन उतरवा, चालत जा, पुढे साखर आणि रक्तदाब मागे लागतील. शंभरात पाच-दहा जणी ऐकतात. एखादी न सांगता स्वतः धावायला निघाली, तर तिला आपणच घरात बसवायचे? या सुनेला "बाळाला घेऊन काय पळतेस" म्हणून हसणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यातलेच एकजण नातवाला स्कूटरवर पुढे उभा करून बाजारात हिंडतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचे तर बांधायचा पट्टा, डोक्याला हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरच्या आत वेग, असा नियम केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर केला आणि तो फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. आपल्या जिल्ह्यात असा पट्टा मी अजून एकाही मुलाला बांधलेला पाहिला नाही. असो.

आता गाडीविषयी. आपण दुकानातून किंवा मुंबईच्या पाहुण्यांकडून आणतो ती बाबागाडी चालण्यासाठी असते. तिची पुढची चाके लहान आणि गरगर फिरणारी. चालताना ती सोयीची, कारण गाडी लगेच वळते. धावताना तेच चाक खड्याला लागले की आडवे होते, गाडी जागच्या जागी थांबते आणि मागून आपण जोरात येत असतो. नेमका हाच प्रकार त्या सकाळी झाला. म्हणून साध्या बाबागाडीला घेऊन धावू नये, दहा पावलेसुद्धा नाही.

धावण्यासाठी वेगळी गाडी मिळते. 1984 साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी फिल बेकलर नावाच्या गृहस्थांनी मुलाच्या गाडीला सायकलची चाके बसवली. गृहस्थ वर्तमानपत्रात काम करणारे, धावायची हौस, आणि घरात तान्हे मूल. तिथून या तीन चाकी गाड्या निघाल्या. धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा प्रिन्स्टनजवळच्या कालव्याकाठच्या पायवाटेवर अशा गाड्या ढकलत धावणारे आईबाप रोज दिसत. मला तेव्हा ते सगळे थेरच वाटले होते, हे कबूल करतो.

घ्यायचीच असेल तर पुढचे चाक आधी बघा. ते सरळ पक्के असावे, किंवा खटका लावून पक्के करता यावे. वळताना दांडा दाबून पुढचे चाक किंचित उचलायचे, एवढी सवय करावी लागते. चाके मोठी, हवा भरलेली हवीत, पुढचे साधारण 12 इंची आणि मागची 16 इंची. लहान मुलांच्या सायकलला असतात तशीच. पंक्चर झाले तर आपला कोपऱ्यावरचा सायकलवालासुद्धा काढून देईल. मागे दणके शोषणारी स्प्रिंग हवी. बाळाला बांधायला पाच ठिकाणी अडकणारा पट्टा हवा, दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक पायांमधून. दांड्याला हाताचा ब्रेक, आणि धावणाऱ्याच्या मनगटात अडकवायची दोरी. ही दोरी लोकांना हास्यास्पद वाटते. उतारावर ठेच लागून आई पडली तर गाडी एकटी पुढे जाऊ नये म्हणून ती आहे. पुढचे चाक काढता येणारे असेल तर निघण्यापूर्वी ते घट्ट बसले आहे ना, हे दर वेळी हाताने हलवून पाहावे.

अशी गाडी चांगल्या सायकलपेक्षा महाग पडते. कोणी जुनी देत असेल तर ब्रेक, पट्ट्यांची शिवण आणि चाकाचा खटका तपासल्याशिवाय घेऊ नका.

गाडी कितीही चांगली असली तरी बाळाची मान तयार हवी. जन्मतः बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या पाव हिस्सा असते आणि ते पेलणारे मानेचे स्नायू मात्र कोवळे. सहा महिन्यांच्या आत बाळाला घेऊन धावायचेच नाही. मी तर आठ महिने सांगतो, आणि तेही बाळ आधाराशिवाय नीट बसू लागल्यावर. अपुऱ्या दिवसांचे बाळ असेल तर महिने प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा.

रस्त्याबद्दल बोलायचे तर आपल्या गावात मला एकच जागा पसंत आहे, कॉलेजचे मैदान, तेही सकाळी. गाडीतल्या बाळाचे नाक मोटारीच्या धुरांड्याच्या उंचीवर असते. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली मांडले की गाडीतल्या बाळाच्या वाट्याला मोठ्या माणसापेक्षा 60 टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण येऊ शकते. एस.टी. स्टँडच्या रस्त्याने जाऊच नका. पालापाचोळा पेटवलेला दिसला तर परत फिरा. ऊन लागते म्हणून गाडीवर दुपटे पांघरणाऱ्यांना एकच विनंती, तसे करू नका. आत हवा कोंडते आणि बघता बघता भट्टी होते.

सुनेला मी आणखी एक गोष्ट बाजूला घेऊन विचारली, आणि इथे लिहितो कारण बायका ती सांगत नाहीत. धावताना, खोकताना लघवीचे थेंब जातात का? ती म्हणाली, "हो डॉक्टरकाका, पण सगळ्यांनाच होतं ना?" होते अनेकींना, पण सोसायचे नसते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात सैल पडतात, व्यायामाने बहुतेकींचे सावरतात. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी 2019 साली सांगितले की धावणे बाळंतपणानंतर लवकरात लवकर तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरू करावे, आणि अशी लक्षणे नसतील तरच. सिझेरियन झाले असेल तर मी त्यातही उशिराची बाजू धरतो. आधी चालणे, मग भरभर चालणे.

तिला स्नायूंचे व्यायाम दाखवून दिले आहेत आणि सध्या चालायलाच सांगितले आहे. नवीन गाडीचा विचार बाळाला आठ महिने झाल्यावर. परवा सकाळी मैदानावर गेलो तर ती झपाझप फेऱ्या मारत होती, आणि वहिनी बाकावर बाळाला कुंची घालून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "थंडी वाजते हो इथे." मी म्हटले, "मग तुम्हीही दोन फेऱ्या मारा." बाळ कोणाकडे द्यायचे, असे त्यांनी विचारले, तेव्हा घ्यावे लागले मलाच.