शरीराबाहेर धडधडणारे हृदय

हृदय शरीरातून बाहेर काढले तरी ते लगेच थांबत नाही. त्याच्या महाधमनीत नळी बसवून प्राणवायू मिसळलेले, क्षारांचे कोमट पाणी सोडत राहिले, तर सशाचे हृदय काचेच्या भांड्यात काही तास ठोके देत राहते. ही युक्ती ऑस्कर लँगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये जगापुढे मांडली. आजही अनेक प्रयोगशाळांत अशी हृदये टांगून त्यांचे कॅमेऱ्याने चित्रण केले जाते.

हे योग्य की अयोग्य, यावर माझा आणि नातीचा बरेच दिवस वाद चालू आहे. ती बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकते. मी मराठी माध्यमातून बी.ए. केलेली, जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली. विज्ञान माझा प्रांत नव्हे. पण ज्या गोष्टीचा लाभ आपण घेतो तिच्याबद्दल मत बनवायला पदवी लागत नाही. आणि लाभ तर मी घेतेच आहे. गेली सहा वर्षे माझ्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, डॉक्टर त्याला 'एएफ' म्हणतात. दोन वेळच्या गोळ्या चुकत नाहीत.

आधी ते चित्रण कशाचे, ते सांगते. प्रत्येक ठोक्याआधी हृदयावरून विजेची एक लाट जाते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण एक विशिष्ट रंगद्रव्य हृदयात सोडले की ते पेशींच्या आवरणात जाऊन बसते आणि विजेचा दाब बदलला की त्याची चमक काही टक्क्यांनी बदलते. सेकंदाला पाचशे-हजार चित्रे घेणारा कॅमेरा ती चमक टिपतो. हृदय हलल्यामुळे चित्र बिघडू नये म्हणून औषधाने स्नायूचे आकुंचन थांबवतात, वीज मात्र वाहत राहते. १९७६ मध्ये गाय सलामा आणि मार्टिन मोराद यांनी बेडकाच्या हृदयावर अशा रंगद्रव्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, तिथून हे शास्त्र वाढत गेले.

यातून कळले काय? विदर्भातल्या माणसाला वणवा समजावून सांगायला नको. जळलेल्या गवतावर आग परत येत नाही, म्हणून वणवा पुढे सरकतो आणि विझतो. हृदयातले 'गवत' मात्र पाव-अर्ध्या सेकंदात पुन्हा उगवते. लाट वाटेत कुठे अडखळून वळली, तर तिला मागे ताजे गवत मिळते आणि ती स्वतःभोवतीच फिरू लागते. हा भोवरा १९९२ मध्ये मेंढीच्या हृदयाच्या पातळ कापावर स्पष्ट दिसला. १९९८ मध्ये सशांच्या आणि मेंढ्यांच्या अख्ख्या हृदयांत, ते नुसते थरथरत असताना, असेच भोवरे दिसले. धडधाकट माणूस अचानक कोसळतो तेव्हा त्याच्या हृदयात बहुतेकदा हीच थरथर असते.

ईसीजी हे सगळे बाहेरून ऐकतो, भिंतीपलीकडचे बोलणे ऐकावे तसे. १९८९ मध्ये अमेरिकेत मोठी चाचणी झाली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना फ्लेकेनाइड, एनकेनाइड ही औषधे दिली. ईसीजीवरचे जादा ठोके कमी झाले, पण गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू वाढले! कागदावरची रेघ सुधारली म्हणून हृदय सुधारतेच असे नाही, हे माणसांचे जीव जाऊन कळले. आत पाहण्याची गरज होती, हे मी मान्य करते.

हे सगळे परदेशातलेच, असेही नाही. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये सापाच्या हृदयाची रचना पाहून माणसाच्या हृदयाला रक्त पुरवण्याची नवी कल्पना मांडली होती. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या धाडसामागे कुत्र्यांवर केलेले प्रयोग होते. डॉक्टरांची नावे आपण घेतो. कुत्र्यांची आठवण कोण ठेवतो?

नातीचे म्हणणे, "आजी, रविवारी सावजी मटण चापणाऱ्या माणसाने सशासाठी रडू नये." युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण आहे लंगडा. एका ठिकाणी आपण निष्ठुर आहोत म्हणून दुसरीकडेही तसेच वागायला मोकळीक मिळत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न असा: उत्तर आधीच माहीत आहे का? पिढ्यान्‌पिढ्या कॉलेजातल्या मुलांनी बेडूक चिरले ते पुस्तकातली आकृती खरी आहे हे बघायला. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातले विच्छेदन बंद केले, ते चांगलेच झाले. ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही आणि ज्यावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत, त्या प्रश्नासाठी घेतलेला जीव वेगळा. पण तिथेही दुसरी वाट आहे का, हे आधी तपासले पाहिजे. उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देते, आपले सत्तरच्या आसपास. त्यावरून आपल्याबद्दल किती कळणार? माझ्या आजाराची ठिणगी बहुधा फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते, हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी रुग्णांच्याच हृदयात शोधले. अमेरिकेत दात्यांची, प्रत्यारोपणाला न लागलेली मानवी हृदये घेऊनही असे चित्रण झाले आहे. डेनिस नोबल यांनी तर १९६० मध्येच हृदयपेशीचे गणित संगणकावर सोडवले होते. आपल्याकडेही २०२३ मध्ये औषधचाचण्यांचे नियम बदलून प्राण्यांऐवजी मानवी पेशी किंवा संगणक वापरायला वाट करून दिली आहे.

माझा सगळ्यात मोठा आग्रह फसलेल्या प्रयोगांबद्दल आहे. यशस्वी प्रयोग छापून येतात, फसलेले कपाटात राहतात. मग दुसऱ्या गावचा दुसरा संशोधक तोच प्रयोग नव्याने करतो आणि तितकेच ससे पुन्हा जातात. ज्या हृदयाने आपल्यासाठी काचेच्या भांड्यात ठोके दिले, त्याने जे सांगितले ते जगाला कळवणे हे त्या संशोधकाचे कर्तव्य आहे, उत्तर मनासारखे आलेले असो वा नसो.

आपण पोळ्याला बैलाच्या पाया पडतो, तान्ह्या पोळ्याला मुलांच्या हाती लाकडी बैल देतो. ऋण मानण्याची ही रीत मला आवडते. पण दुसऱ्या दिवशी त्याच बैलाला पराणी टोचली, तर त्या पूजेला अर्थ काय? प्रयोगशाळेतल्या सशाचा पोळा नको, त्याचा चोख हिशेब हवा.

नातीला हे पटले नाही. "हिशेब ठेवायला वेळ आणि पैसा कोण देणार?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर: ज्यांना गोळ्या मिळतात त्यांनी, म्हणजे आपण सर्वांनी. तुम्हाला काय वाटते, जरूर लिहा. असो.